फुटबॉलचा जमाखर्च आणि प्रेक्षकाची काळजी

२०२३ सालच्या नोव्हेंबर महिन्यातली गोष्ट आहे. दिवाळीची सुट्टी संपून कॉलेज नुकतेच सुरू झाले होते. तास आटोपून मी वर्गाबाहेर पडतो तोच वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षातला एक विद्यार्थी धावत माझ्यामागे आला. चेहरा उतरलेला. म्हणाला, “सर, आमचे दहा गुण कापले हो!”

मला वाटले, परीक्षेच्या गुणांची तक्रार असावी. मी म्हटले, “अर्ज लिहून दे, फेरतपासणी करू.” तेव्हा कुठे उलगडा झाला. कापलेले गुण परीक्षेचे नव्हते. इंग्लंडातल्या लिव्हरपूल शहरी एव्हर्टन नावाचा फुटबॉलचा क्लब आहे, त्याचे ते गुण. कोल्हापूरच्या वसतिगृहात राहणारा हा मुलगा, इंग्लंड त्याने नकाशावर तेवढे पाहिलेले. तरी तो म्हणत होता, “आमचे दहा गुण.”

आणि गुण का कापले? खेळात कोणी दांडगाई केली म्हणून नव्हे, लाच खाऊन सामना सोडला म्हणूनही नव्हे. क्लबाने मिळकतीच्या मानाने खर्च फार केला म्हणून! खेळाच्या मैदानावर हिशेबाच्या वहीने दंड वसूल करावा, हा काय प्रकार आहे? आणि तो दंड खर्च करणाऱ्याला बसतो की टाळ्या वाजवणाऱ्याला? त्या मुलाच्या प्रश्नाने मलाही थोडे वाचायला लावले. त्यातले काही आज आपल्यापुढे मांडतो.

आधी त्या ‘आमचे’ शब्दाचा विचार करू. कोल्हापूरच्या श्रोत्यांना तो फार समजावून सांगायला नको. आपल्याकडे फुटबॉलचे संघ तालमींच्या नावाने उभे राहिले. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम ही नावे घेतली की शाहू स्टेडियममधली गर्दी डोळ्यांपुढे येते. आपल्या पेठेचा संघ हरला तर त्या रात्री घरात जेवण गोड लागत नाही. आता इंग्लंडातल्या क्लबांचा जन्म पाहा. एव्हर्टनची सुरुवात १८७८ साली एका चर्चच्या मंडळींनी केली. १८९२ पासून गुडिसन पार्क हे त्यांचे मैदान झाले. आजोबाने मुलाला तिथे न्यायचे, मुलाने नातवाला न्यायचे, अशा पिढ्यांमागून पिढ्या गेल्या. म्हणजे तालमीत आणि त्यांच्यात फरक पैशाचा आहे, मायेचा नाही.

पण पैशाचा हा फरक लहान नव्हे. तिकडचा मोठा क्लब म्हणजे आज एक कंपनी आहे. तिला मालक असतो, आणि तो बहुधा परगावचा, पुष्कळदा परदेशचाच असतो. कंपनीची आवक मुख्यतः तीन वाटांनी येते: सामन्यांची तिकिटे, दूरदर्शनवरील प्रक्षेपणाचे हक्क आणि जाहिरातदार. जावक मुख्यतः दोन वाटांनी होते. एक खेळाडूंचे पगार आणि दुसरी खेळाडू विकत घेण्याच्या किमती. आता मौज अशी की, या धंद्यात अंथरूण पाहून पाय पसरणारा बहुधा मागे पडतो. वरच्या वर्गातून, म्हणजे प्रीमियर लीगमधून, दरवर्षी तळाचे तीन संघ खालच्या वर्गात जातात. खाली गेले की प्रक्षेपणाचे उत्पन्न एकदम आटते. त्या भीतीने प्रत्येक जण शेजाऱ्यापेक्षा थोडा अधिक खर्च करतो. शेजारी म्हणतो, मी का मागे राहू? ऋण काढून सण साजरा करायचा आणि पुढल्या वर्षी विजय मिळाला की फेडू म्हणायचे, असा हा व्यवहार आहे. विजय मात्र सगळ्यांना एकाच वर्षी कसा मिळणार?

याचे परिणाम तिथल्या लोकांनी डोळ्यांनी पाहिले आहेत. लीड्स युनायटेड हा संघ २००१ साली युरोपातील सर्वांत मोठ्या स्पर्धेच्या उपांत्य फेरीत पोचला होता. खर्च त्याच तोऱ्यात केलेला. २००४ साली तो वरच्या वर्गातून घसरला आणि २००७ साली तिसऱ्या वर्गात जाऊन पडला. पोर्ट्समथने २००८ साली मानाचा एफ. ए. कप जिंकला. पुरती दोन वर्षे झाली नाहीत तोच, फेब्रुवारी २०१० मध्ये, क्लबाचा कारभार दिवाळखोरीच्या कायद्याखाली प्रशासकाच्या हाती गेला. प्रीमियर लीगमधल्या क्लबावर अशी पाळी येण्याची ती पहिलीच वेळ. नऊ गुण कापले गेले, संघ खाली गेला, आणि खाली जात जात २०१३ पर्यंत चौथ्या वर्गाच्या दाराशी पोचला. बरी नावाच्या गावाची कथा तर याहून वाईट. १८८५ सालचा क्लब, १९०० आणि १९०३ साली एफ. ए. कप जिंकलेला. ऑगस्ट २०१९ मध्ये पैशाची व्यवस्था दाखवता आली नाही म्हणून त्याला साखळीतूनच काढून टाकले. शनिवारी दुपारी मैदानावर जायची ज्यांची तीन पिढ्यांची सवय, त्यांना त्या शनिवारी जायला जागाच उरली नाही.

हे डोळ्यांसमोर ठेवले म्हणजे नियम कशासाठी आला ते कळते. युरोपच्या फुटबॉल महासंघाने, म्हणजे युएफाने, २००९ साली या धोरणाला मान्यता दिली. इंग्रजीत त्याला फायनान्शियल फेअर प्ले म्हणतात. आपण ‘पैशाच्या व्यवहारातला रास्तपणा’ म्हणू. प्रीमियर लीगने आपले निराळे नियम २०१३ पासून लागू केले. त्यातली मुख्य अट अशी होती की, तीन वर्षांचा मिळून तोटा साडेदहा कोटी पौंडांच्या वर जाऊ नये, आणि तोही मालकाने स्वतःच्या खिशातून भरून काढण्याची हमी दिली तरच. त्यातून काही खर्च वगळलेले होते. लहान मुलांचे शिक्षण, स्त्रियांचा संघ, वस्तीतले समाजकार्य, मैदान बांधणे, या खर्चाला मज्जाव नव्हता. म्हणजे घर बांधा, मुले शिकवा, पण चैनीसाठी कर्ज काढू नका, असे वडीलधाऱ्याने सांगावे तसा तो नियम.

तत्त्व कोणाला नाकारता येईल? अडचण आली ती तत्त्व व्यवहारात उतरवताना.

एव्हर्टनचे प्रकरण असे. २०२१-२२ अखेरच्या मुदतीत त्यांचा तोटा १२ कोटी ४५ लाख पौंड ठरला. मर्यादेहून १ कोटी ९५ लाख जास्त. क्लबाचे म्हणणे होते की, आम्ही नवे मैदान बांधतो आहोत, त्याच्या कर्जाचे व्याज यात धरू नका. शिवाय युक्रेनमधील युद्धामुळे २०२२ साली आमच्या रशियन प्रायोजकाशी असलेले करार थांबवावे लागले. स्वतंत्र आयोगाला हे पटले नाही. १७ नोव्हेंबर २०२३ रोजी दहा गुण कापल्याचा निकाल आला. तोवर बारा सामन्यांत संघाने चौदा गुण मिळवले होते. त्यांचे चार झाले, आणि चौदाव्या क्रमांकावरचा संघ एका दिवसात एकोणिसाव्या क्रमांकावर गेला. १९५४ पासून जो संघ वरच्या वर्गातून कधी खाली उतरला नव्हता, तो एकही सामना न हरता खाली जाणाऱ्यांच्या रांगेत बसला.

पुढच्या आठवड्यात, २६ नोव्हेंबरला, गुडिसन पार्कवर मँचेस्टर युनायटेडशी सामना होता. हजारो प्रेक्षकांनी गुलाबी रंगाची पत्रके उंच धरली. त्यांवर लीगचे चिन्ह होते आणि खाली एकच शब्द: भ्रष्ट. हा शब्द कितपत न्यायाचा होता हा प्रश्न वेगळा. पण त्यामागची वेदना समजून घेतली पाहिजे.

त्यांची पहिली तक्रार, ‘चोर सोडून संन्याशाला फाशी’ या जातीची होती. खेळाडू कोणी घेतले? मालकाने आणि त्याच्या सल्लागारांनी. पगार कोणी ठरवले? त्यांनीच. प्रेक्षकाने काय केले? तिकीट काढले, पावसात उभा राहिला, घसा बसेपर्यंत ओरडला. आणि गुण कोणाचे गेले? त्याचे. मालकाला उद्या कंटाळा आला तर तो क्लब विकून मोकळा होईल. एव्हर्टनच्या मालकाने डिसेंबर २०२४ मध्ये खरोखरच क्लब विकला. प्रेक्षकाला मात्र आपला क्लब विकता येत नाही आणि बदलताही येत नाही.

दुसरी तक्रार कालावधीची. खर्च झाला २०२२ पर्यंत, शिक्षा बसली २०२३ च्या अखेरीस. फेब्रुवारी २०२४ मध्ये अपिलात दहाचे सहा झाले. हुश्श म्हणावे तोच एप्रिलमध्ये पुढच्या मुदतीतल्या १ कोटी ६६ लाखांच्या उल्लंघनाबद्दल आणखी दोन गुण गेले. सामना जिंकून घरी आलेल्या माणसाला आपले गुण नक्की किती, हेच सांगता येईना. गुणतक्ता हा खेळातला सर्वांत सोपा हिशेब. तोच कोर्टाच्या तारखांवर लोंबकळू लागला.

तिसरी तक्रार समान न्यायाची. मँचेस्टर सिटी या बलाढ्य क्लबावर फेब्रुवारी २०२३ मध्ये शंभराहून अधिक आरोप ठेवले गेले होते. त्या क्लबाने ते सगळे नाकारले. आरोप खरे की खोटे हे ठरवणे आपले काम नव्हे. परंतु एव्हर्टनचे एक कलम नऊ महिन्यांच्या आत निकालात निघाले आणि तोवर त्या मोठ्या प्रकरणाची सुनावणीही सुरू झाली नव्हती. गरिबाचा खटला झटपट आणि श्रीमंताचा सावकाश, अशी शंका सामान्य माणसाला आली तर त्याला दोष देता येत नाही.

आता कोणी म्हणेल, मग गुण कापण्याऐवजी दंड का करत नाहीत? सरळ पैसे घ्यावेत. पण ज्याच्याजवळ अमाप पैसा आहे त्याला दंड म्हणजे मैदानाच्या भाड्यासारखा एक खर्च. तो आनंदाने भरील आणि पुन्हा तेच करील. शिवाय या चित्राला एक दुसरी बाजू आहे, ती आपण सहसा पाहत नाही. २०२१-२२ च्या हंगामात एव्हर्टन ३९ गुणांवर वाचला. १९ मे २०२२ च्या रात्री क्रिस्टल पॅलेसविरुद्ध दोन गोलांनी मागे असताना त्यांनी तीन गोल केले, आणि लोक आनंदाने मैदानात धावले. त्याच हंगामात बर्नली हा लहानशा गावाचा संघ ३५ गुणांवर खाली गेला. खर्चाची मर्यादा ओलांडल्याचा ठपका बर्नलीवर नव्हता. बर्नलीच्या प्रेक्षकाने विचारले की, ‘ज्याने हात राखून खर्च केला तो बुडाला आणि ज्याने मर्यादा मोडली तो तरला, माझ्या गुणांचा हिशेब कोण देणार?’ तर त्याला काय उत्तर द्यावे? जास्तीच्या पैशाने गुण मिळवले असतील तर भरपाईही गुणांतच व्हावी, या म्हणण्यात तथ्य आहे. एका गावच्या प्रेक्षकावर अन्याय होऊ नये म्हणून दुसऱ्या गावच्या प्रेक्षकाला शिक्षा, असा हा पेच आहे.

नियमातून आणखी एक चमत्कारिक गोष्ट उद्भवली आणि ती मला सर्वांत लागली. ती समजायला थोडे हिशेबशास्त्र हवे. समजा, एखादा खेळाडू पाच कोटींना घेतला आणि पाच वर्षांचा करार केला. वहीत ते पाच कोटी एकदम खर्ची पडत नाहीत. दरवर्षी एक कोटी पडतात. दोन वर्षांनी तो चार कोटींना विकला, तर वहीत त्याची किंमत तीन कोटी उरलेली असते, म्हणून नफा एकच कोटी. पण क्लबातच लहानाचा मोठा झालेला खेळाडू विकला तर? त्याला घेतानाची किंमत शून्य. म्हणून येणारा सगळा पैसा त्याच वर्षीचा नफा! बाजारातून आणलेली म्हैस विकण्यापेक्षा घरच्या गोठ्यातले वासरू विकणे वहीला अधिक मानवते. परंतु घरच्या माणसांचा जीव बहुधा त्या वासरावरच असतो.

नॉटिंगहॅम फॉरेस्टचे उदाहरण घ्या. १९७९ आणि १९८० साली लागोपाठ युरोपचा करंडक जिंकलेला हा क्लब तेवीस वर्षांच्या वनवासानंतर २०२२ साली वरच्या वर्गात परतला आणि त्याने खेळाडूंची खरेदी सपाट्याने केली. तीनपैकी दोन वर्षे खालच्या वर्गात गेल्यामुळे त्याची मर्यादा ६ कोटी १० लाख पौंडच होती. ती ३ कोटी ४५ लाखांनी ओलांडली गेली. ब्रेनन जॉन्सन हा त्यांच्याच शाळेत तयार झालेला, नॉटिंगहॅममध्येच जन्मलेला खेळाडू. त्याचे वडीलही या क्लबाकडून खेळलेले. हिशेबाचे वर्ष ३० जून २०२३ ला संपत होते. क्लबाने घाई न करता १ सप्टेंबरला त्याला टॉटनहॅमला विकले आणि सुमारे पावणेपाच कोटी पौंड मिळवले. ‘थांबलो म्हणून किंमत चांगली आली, हा शहाणपणाच नव्हे काय?’ असा त्यांचा बचाव होता. आयोग म्हणाला, तारीख ती तारीख. मार्च २०२४ मध्ये चार गुण गेले. म्हणजे घरचा मुलगाही गेला आणि गुणही गेले.

हे पाहून इतरांनी धडा घेतला तो असा की, मुलगा विकायचाच तर जूनअखेरच्या आत विकावा. २०२४ च्या जूनअखेरीस न्यूकॅसलने इलियट अँडरसन या आपल्याच मुलुखात वाढलेल्या तरुणाला सुमारे साडेतीन कोटी पौंडांना फॉरेस्टकडे पाठवले. त्याला सोडायची इच्छा नव्हती. ताळेबंद जुळवायचा होता. क्लबाचे आणि गावाचे नाते टिकावे म्हणून जो नियम केला, त्याच नियमामुळे गावचा मुलगा आधी बाजारात उभा राहतो, ही गोष्ट नियम करणाऱ्यांच्या मनातही आली नसेल.

मग नियमच नको काय? माझे मत तसे नाही. नियम नसता तर काय होते ते बरी गावाने पाहिले आहे. दहा गुण गेले तर एक हंगाम बिघडतो. क्लबच गेला तर काहीच उरत नाही. पण नियम जर प्रेक्षकासाठी आहे, तर तो राबवताना प्रेक्षक कुठेतरी दिसला पाहिजे. शिक्षा त्या त्या हंगामातच व्हावी, लहानमोठ्या क्लबांना एकच घड्याळ असावे, आणि ज्यांनी सह्या केल्या त्या मालक-संचालकांवरही काही जबाबदारी पडावी, एवढी अपेक्षा गैर नाही.

बदल होऊ लागले आहेत, हेही सांगितले पाहिजे. युएफाने आता तोट्याच्या मर्यादेबरोबर प्रमाणही धरले आहे. संघावरचा खर्च मिळकतीच्या ७० टक्क्यांपलीकडे जाऊ नये असा तो दंडक. प्रीमियर लीगच्या क्लबांनीही नोव्हेंबर २०२५ मध्ये जुना नियम सोडून २०२६-२७ पासून ८५ टक्क्यांचे प्रमाण स्वीकारण्याचे ठरवले. याहून महत्त्वाचे म्हणजे, जुलै २०२५ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने फुटबॉलच्या कारभारावर देखरेख ठेवणारा स्वतंत्र नियंत्रक नेमण्याचा कायदा केला. मालक कसा आहे, क्लबाची आर्थिक स्थिती काय आहे, हे आधीच तपासावे, बुडाल्यावर पंचनामा करू नये, हा त्यामागचा हेतू.

आणि पोर्ट्समथचे पुढे काय झाले? तिथल्या लोकांनी पैसे गोळा करून २०१३ साली क्लबच विकत घेतला. कर्जे फेडली. पुढे २०१७ साली नवा मालक आला तो भागधारक प्रेक्षकांच्या मतदानाने. हा मार्ग सर्वांना जमेल असे नाही. पण काळजी करणारा प्रेक्षक नुसता काळजीच करतो असे नाही, वेळ आली तर तो जमाखर्चाची वहीही हाती घेतो, एवढे त्यावरून दिसते.

माझ्या विद्यार्थ्याची गोष्ट अर्धी राहिली. मे २०२४ मध्ये हंगाम संपला तेव्हा एव्हर्टनने मैदानावर ४८ गुण मिळवले होते. आठ वजा जाऊन ४० उरले आणि संघ पंधराव्या क्रमांकावर वाचला. त्या दिवशी तो पेढे घेऊन आला. मी विचारले, “आता काळजी मिटली ना?” तो म्हणाला, “नाही सर. यंदाचा ताळेबंद अजून आलेला नाही.”

वाणिज्याच्या शिक्षकाला यापरता आनंद कोणता! परंतु खरे सांगायचे तर थोडे वाईटही वाटले. वीस वर्षांच्या मुलाने गोल किती झाले ते विचारावे. तोटा किती झाला हे विचारण्याची वेळ त्याच्यावर का यावी? मी त्याला एवढेच म्हटले, “बाबा रे, ज्याला ‘आमचे’ म्हणायचे त्याचा हिशेबही पाहावा लागतो. घराचे तसे, गावाच्या सोसायटीचे तसे आणि क्लबाचेही तसेच. प्रेमाने टाळ्या वाजवाव्यात, पण किल्ली कोणाच्या हाती आहे तेही अधूनमधून विचारीत जावे.” पेढा मात्र मी खाल्ला. तो कोणाच्याही तोट्यात धरला जाणार नव्हता.